आज्याला विमानातून दिसलेला बांध

माझा दवाखाना आळेफाट्यावर, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. मी दातांची डॉक्टर. खाली ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर घण पडतो आणि वर खुर्चीत बसलेला माणूस दचकून माझ्या हाताकडे बघतो. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाची सवय झाली. पेशंटांना झाली नाही, कारण ते बदलत राहतात.

जुन्या विमानांचा नाद मला त्या खुर्चीपायी लागला. खुर्ची मी सेकंडहँड घेतली होती. एकदा तिचं पायाने दाबायचं पॅडल मोडलं आणि कुठेच त्याला जोड मिळेना. खुर्चीवर कंपनीची पट्टीही नव्हती. मग मी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि जुनी यंत्रं फोटोवरून ओळखणाऱ्या लोकांचा एक गट इंटरनेटवर सापडला, तिथे टाकले. ती माणसं विमानांची होती हे मला नंतर कळलं. खुर्चीबद्दल कुणीच काही सांगू शकलं नाही. फक्त एकाने लिहिलं, "हे विमान नाही, एवढं मी खात्रीने सांगतो." जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलणारा माणूस आमच्या धंद्यात दुर्मीळ. मी तिथेच रमले.

या गटात काम एकच. कुणाला तरी पणजोबांच्या ट्रंकेत, नाहीतर भंगारात एखादा फोटो सापडतो. त्यात कोपऱ्यात विमान असतं. कधी अर्धं असतं, कधी नुसता पंख. ते कुठलं, एवढंच सांगायचं. डकोटा ओळखता येणं म्हणजे आमच्यात बाराखडी येणं. टायगर मॉथ ओळखलंत तर कुणी शाबासकी देत नाही. खरी मजा त्या विमानांत, जी दोन-चारच बांधली गेली आणि त्यातलं एक कुंपणाला धडकलं. अशी विमानं मी शेपटावरून, पंखांमधल्या दांड्यांवरून, धुराच्या नळीवरून ओळखू लागले. दाढेचं अर्धं मूळ बघून उरलेलं कसं असेल ते सांगायची सवय हाताला होतीच. जी विमानं मी ओळखली, त्यांचे फोटो फ्रेम करून वेटिंगच्या भिंतीवर लावले. लोकांना वाटायचं, मॅडमचं माहेर विमानतळाकडचं असावं.

तर एक दिवस महाळुंगे पडवळचे एक काका हलणारा दात घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे, टोपी घडी करून खिशात ठेवणारे. दात काढून झाला, तोंडात कापूस होता, तरी ते भिंतीसमोर उभे राहिले. कापूस दाबून धरूनच म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्याचा बी हाये फोटू. इमानातला."

दुसऱ्या आठवड्यात ते फोटो घेऊन आले. काचेची फ्रेम टॉवेलात गुंडाळलेली होती. फोटोत एक फेटेवाला माणूस विमानात बसला होता. विहिरीच्या काठाला धरावं तसं त्याने दोन्ही हातांनी विमानाच्या कडेला धरलं होतं. चेहरा असा, की हलला तर खाली पडेल. विमान दोन मजली पंखांचं, नाक थोडं कॅमेऱ्याकडे वळवलेलं होतं, त्यामुळे मागचं सगळं त्या माणसाच्या आड गेलं होतं, उंच शेपूट तेवढं फेट्यावरून डोकावत होतं. पुढचा पंखा रंगाने काढलेला होता. मागे पडदा, पडद्यावर डोंगर, डोंगरावर ढग, आणि ढगाला घडी पडल्याची आडवी सुरकुती.

मी म्हटलं, "काका, हे जत्रेतलं विमान आहे. फोटोवाल्याचं. लाकडी."

"लाकडी असंल," काका शांतपणे म्हणाले. "पर कुटल्या कंपनीचं?"

मी त्यांना बसवलं आणि नीट समजावून सांगू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि प्रकरण काय आहे ते सांगितलं. महाळुंग्याला त्यांची आणि त्यांच्या चुलतभावाची, म्हणजे आज्याच्या भावाच्या नातवाची, जमीन शेजारी शेजारी आहे. मध्ये बांध. हा बांध चुलत घराण्यानं कोरून कोरून अलीकडे सरकवला, असं यांचं म्हणणं. पुरावा काय, तर आज्या विमानात बसला होता आणि त्याने वरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खाली उतरल्या उतरल्या त्याने घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जातात पण जेवत नाहीत.

"मग सरकारी मोजणी का नाही करून घेतली?"

"केली की. दोनदा केली. पर मोजणीवाला जमिनीवर हुबा. त्याला काय दिसनार? आज्यानं वरनं पाह्यलं."

चुलत घराण्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं. विमान खोटं, म्हणून बांध खरा. त्यामुळे काकांना फक्त विमानाचं नाव हवं होतं. कुठलं का असेना. नाव नसलेल्या विमानावर कोण विश्वास ठेवणार?

मी फोटो मोबाइलवर काढून घेतला आणि त्याच दिवशी गटावर टाकला. खाली स्पष्ट लिहिलं, की हा जत्रेतल्या स्टुडिओचा देखावा असावा, प्लायवूड आणि रंग. मला वाटलं, चार लोक हसतील, मी ते काकांना दाखवीन आणि विषय संपेल.

गटातले सगळ्यात जुने सभासद उत्तरेकडच्या एका थंड देशातले निवृत्त गृहस्थ होते. उभा जन्म रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात गेलेला. माझ्या खुर्चीला विमान नाही म्हणणारे ते हेच. त्यांनी लिहिलं, "त्या काळची बरीचशी विमानं प्लायवूड आणि रंगाचीच असत. ही हरकत मान्य करता येणार नाही."

मग जे सुरू झालं ते मला आवरता आलं नाही. एकजण म्हणाला, पंखांमधले दांडे तिरके आहेत, म्हणजे हे अमुक कारखान्याचं काम. दुसऱ्याने दाखवून दिलं, की दांडे तिरके नाहीत, फोटो तिरका आहे. मागचा पडदा बघून एकाने सुचवलं, की गुप्त चाचणीचं विमान लोकांच्या नजरेआड ठेवायला असे पडदे धरत. मी लिहिलं, पडद्यावर डोंगर काढलेत. तो म्हणाला, अर्थात, म्हणूनच. विमानाच्या अंगावर तीन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा रंगवलेला होता. त्यावरून लोकांनी देशोदेशीच्या विमानांच्या नोंदी उपसल्या. कुणाला कुठे काही मिळालं नाही. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की विमान फारच दुर्मीळ असलं पाहिजे.

नवऱ्याला मी हे जेवताना सांगितलं. तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापार करतो. म्हणाला, "जो भाग कुठेच मिळत नाही, तो एकतर लई जुना असतो, नाहीतर तसला भागच नसतो. गिऱ्हाइकाला दोन्ही एकच."

सिग्नलवाल्यांनी दोन गोष्टी हेरल्या. पहिली म्हणजे शेपूट. बाकी विमान बघून ते गोंधळले होते, पण शेपटाबद्दल त्यांना शंका नव्हती. मागच्या उभ्या पंखाला एक खास खाच होती आणि तिच्याखाली आधाराची दुहेरी दांडी. अशी खाच कुणी मनाने काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट त्यांनी फोटोच्या कडेला दाखवली. तिथे, फ्रेमच्या लाकडाला चिकटून, कापडाची एक घडी दिसत होती. "हे कोपर आहे," त्यांनी लिहिलं. "विमानात मागे दुसरा माणूस बसला आहे."

काका आठवड्याच्या बाजाराला फाट्यावर येत. मी त्यांना कोपर दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"कोपर कुनाचं?"

"ते नाही सांगता येत."

"सायेब लोकांना इचारा ना."

"त्यांना कसं कळणार, काका?"

"शेपूट कळतंय, मग कोपर का न्हाई कळनार?"

फ्रेम उघडायला ते तयार होईनात. आज्याला एकदा बसवलंय, आता हलवायचं नाही, असं म्हणाले. शेवटी मी खालच्या गॅरेजमधून पक्कड मागवली आणि त्यांच्या देखत खिळे काढले. फ्रेमखाली फोटो बोटभर अजून होता. त्यात एक पूर्ण हात होता, बंडीची बाही, आणि मनगटावर काळा दोरा.

ही बातमी महाळुंग्यात कशी पोहोचली, मला माहीत नाही. पण काही दिवसांनी काकांचे ते चुलतभाऊ दवाखान्यात हजर झाले. काकांपेक्षा थोडे धाकटे, अंगाने भरलेले, बोलताना आधी घसा साफ करणारे. दातांना काही झालेलं नव्हतं. तरी त्यांनी तोंड उघडून दाखवलं, मी तपासलं, आणि मग त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. फोटोला जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट केलं होतं.

तोच पडदा, तेच विमान. यावेळी कॅमेरा थोडा शेपटाच्या बाजूला सरकवलेला होता आणि मधोमध मागच्या जागेवरचा माणूस होता. मनगटावर काळा दोरा. पुढे फेट्याचा शेव तेवढा दिसत होता.

"आमचा आज्या," ते म्हणाले.

"अहो, पण तुमच्या घरात तर विमान खोटं म्हणतात ना?"

त्यांनी घसा साफ केला. "म्हनत व्हतो. तुमी लोकांनी खरं ठरवायच्या आदी. आता इमान खरं निघालं म्हनल्यावर आमी कशाला मागं ऱ्हावू? आमच्या आज्यानं बी वरनं पाह्यलं व्हतं. बांध त्यांनीच कोरला. आमच्या अंगावर आलाय." एवढी वर्षं हा फोटो त्यांनी धान्याच्या कणगीमागे ठेवला होता, कारण विमान खोटं आहे असं म्हणत असताना आपला आज्या त्यात बसलेला दाखवणं अडचणीचं होतं.

आता दोन्ही घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं. विमान खरं होतं आणि ते उडालं होतं. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत ते लाकडी आहे असं म्हणणारी मी एकटी उरले. सिग्नलवाल्यांनाही मी दुसरा फोटो पाठवला. ते फार खूश झाले. लिहिलं, "दोन आसनी. मला वाटलंच होतं. मापं मिळतील का?"

मापं घ्यायची तर विमान शोधायला हवं होतं. काकांना ऐकून माहीत होतं, की जत्रेत फोटोचं दुकान जुन्नरच्या एका पेंटरचं असायचं. टांगे आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारं ते मुसलमान घर होतं. मी एका सुट्टीच्या दिवशी जुन्नरला गेले आणि पाट्यांच्या दुकानांत विचारत विचारत त्या घरापर्यंत पोहोचले. पेंटर कधीच गेले होते. त्यांची सून होती. आता तीच आजीच्या वयाची. दारात लसूण सोलत बसली होती. इतके दिवस महाळुंगेकरांशी बोलून माझ्या तोंडातही त्यांचा शब्द बसला होता. मी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "चाची, तुमच्याकडे इमान आहे का?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "अल्लाच्या मेहेरबानीनं अजून तरी हाये," त्या म्हणाल्या. "तुमी कोन?"

मी शरमून माफी मागितली आणि फोटो दाखवला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लसणाचं ताट बाजूला सारून मला घरातून मागे परसापर्यंत घेऊन गेल्या. विमान होतं. म्हणजे भाग होते. वरच्या पंखाची माळ्यावरची फळी झाली होती आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. अंगाचा मधला तुकडा पावसाची झड अडवायला खिडकीला लावला होता. त्यावर ती अक्षरं अजून वाचता येत होती. मी विचारलं, ही कुठली?

"चहाचं खोकं व्हतं, त्याच्यावर लिवलेलं. सासऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. कुटलं बी घेतलं तरी एकच, म्हनायचे."

शेपूट कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं होतं. खाच तशीच होती. खाचेतून एक कोंबडी मान बाहेर काढून बघत होती.

"हे त्यांनी कशावरून बनवलं, चाची?"

मग त्यांनी सांगितलं, तेही सासऱ्यांकडून ऐकलेलं. सासरे तरुण असताना एकदा कुठल्याशा माळावर एक विमान उतरलं होतं. बिघडून म्हणा, वाट चुकून म्हणा. सासरे सायकल मारत बघायला गेले. पण पंचक्रोशी लोटलेली. पुढे सगळी माणसांची डोकी. त्यांना मागूनच बघायला मिळालं. शेपूट तेवढं नीट दिसलं, आणि तेवढ्यात विमान निघून गेलं. बाकीचं त्यांनी टांग्यावरून आणि आपल्या मनाने केलं.

मी टेप लावून मापं घेतली. खुराड्याचं दार उघडायचं नाही, कोंबड्या बाहेर पडतात, एवढी एकच अट होती. ती पाळून जे मिळालं ते लिहून घेतलं. घरी येऊन गटाला सगळं खरं खरं कळवलं. चहाचं खोकं, टांगा, माळावरची गर्दी, कोंबड्या. मला वाटलं होतं, आता तरी त्यांचा हिरमोड होईल.

सिग्नलवाल्यांनी मापं तपासायला दोन दिवस घेतले. मग लिहिलं, की मापं बरोबर जुळतात. ते शेपूट एका शिकाऊ विमानाचं आहे, तसली विमानं अगदी मोजकी बांधली गेली. नाव मी इथे सांगत नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. त्या विमानाच्या शेपटाची मागच्या बाजूने इतकी चांगली नोंद जगात दुसरीकडे कुठे नाही, कारण फोटो काढणारे सगळे पुढे उभे राहत. शेपूट जपून ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी जुन्नरला जाऊन निरोप दिला. चाची म्हणाल्या, "जपूनच ठिवलंय. बाहेर काढलं तर मुंगूस येईल."

इकडे महाळुंग्यात वेगळंच चाललं होतं. दोघे आजे एकाच विमानात, एकाच वेळी, आणि दोघांना बांध उलटसुलट दिसला. हे कसं? काकांचं मत, पुढे बसलेल्याला जास्त दिसतं. चुलतभावाचं मत, मागच्याला निवांत बघायला मिळतं. शेवटी कुणीतरी सुचवलं, की आता वरून बघणं काही अवघड राहिलेलं नाही. फाट्यावर लग्नांचं शूटिंग करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे ड्रोन आहे. दोघांनी मिळून त्यांना बोलावलं. मलाही बोलावणं आलं. "तुमी इमानातलं मानूस," काका म्हणाले, "तुमी पायजेच."

रविवारी सकाळी आम्ही बांधावर जमलो. बांध म्हणजे काय, तर दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी गवताची वाट. ती सुद्धा थोडी आत जाऊन उसात बुडालेली. ड्रोनवाले जाडजूड, घामेजलेले, जाकिटाला सगळीकडे खिसे. त्यांनी चारी बाजूंना बघून विचारलं, "एन्ट्री कुठनं घ्यायची? नवरदेव कुठनं येनार?"

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ड्रोन जमिनीवर ठेवला आणि उडवला. आम्ही सगळे त्यांच्या हातातल्या छोट्या पडद्यावर वाकलो. काका एका बाजूला, चुलतभाऊ दुसऱ्या. पहिल्यांदा पडद्यावर आमचीच डोकी दिसली, मग ती लहान झाली, मग सगळं हिरवं झालं.

"थांबा," काका म्हणाले. "ह्यो कुनाचा ऊस?"

"तुमचा."

"ह्यो आमचा न्हाई. आमचा ऊस एवढा पिवळा न्हाई."

मग बांध दिसला. बारीक, काळपट, आधी एका बाजूला पोट काढलेला आणि पुढे दुसऱ्या बाजूला. दोघांनी एकदमच बोट ठेवलं. काकांनी पहिल्या पोटावर, चुलतभावाने दुसऱ्या.

"बगा, कोरलाय का न्हाई?"

"मग हितं कुनी कोरलाय?"

पुढे काय झालं असतं मला माहीत नाही. पण तेवढ्यात पडद्यावर काहीतरी तपकिरी फडफडलं, आभाळ खाली आणि ऊस वर झाला, आणि पडदा काळा पडला. आम्ही मान वर केली. एक घार शांतपणे गोल फिरून डोंगराकडे निघाली होती. ड्रोन उसात पडला होता.

आमच्याकडे उसात काही पडलं की लगेच कुणी आत शिरत नाही. बिबट्या असतो. रोज असतो असं नाही, पण आज नाही असं कोण सांगणार? त्याच आठवड्यात पलीकडच्या मळ्यातून कुत्रं गेलं होतं. ड्रोनवाले म्हणाले, "ज्याच्या उसात पडलाय त्यानं काढून द्यावा. मी असा जानार नाय."

यानंतरचं मी समोर उभं राहून पाहिलं, नाहीतर मलाही पटलं नसतं. काकांनी उसाकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडं न्हाई पडला. तुमच्यात पडला."

चुलतभावाने घसा साफ केला. "आमच्यात कसा? बांध तर हिकडं हाये." आणि त्यांनी स्वतःच्या शेतात चार पावलं आत दाखवलं.

"कायतरीच काय. बांध हिकडं," काकांनी आपल्या उसात हात केला. "आमच्या बापानं सोताच सांगितलंय. जुना बांध त्या जांभळीच्या बुडातनं जात व्हता."

"जांभूळ तर आमी तुमचीच धरतो. पार तिच्या पलीकडं तुमचं."

"आवं, आमचं कुटलं? आज्यानं वरनं पाह्यलंय."

"आमच्या आज्यानं बी पाह्यलंय."

दोघेही एकमेकांना जमीन देत राहिले. मोजणीवाल्याला दोनदा जे जमलं नाही, त्याच्या कितीतरी पट बांध त्या सकाळी सरकला, फक्त उलट्या दिशेने. ड्रोनवाले एका दगडावर टेकले. मी डॉक्टर असल्याने दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोघे मिळून जा. दोघांच्यात नसेल पडला, तर मधल्या बांधावर पडला असेल.

त्यांना ते का पटलं कुणास ठाऊक. घरातून तेलाचे रिकामे डबे आणले. चुलतभावाने मोबाइलवर हळदीतलं एक गाणं मोठ्याने लावलं. डबे बडवत, गाण्याच्या आवाजात, पाठीला पाठ लावून दोघे उसात शिरले. बराच वेळ गाणं ऐकू येत होतं, मग ते लांब गेलं, मग भलत्याच दिशेने यायला लागलं. मग थांबलं. ड्रोनवाले उठून उभे राहिले. मनात आलं, आपल्याला हा उद्योग कुणी सांगितला होता?

दोघे बाहेर आले ते पार तिसऱ्याच माणसाच्या कांद्याच्या वावरातून. तोंडावर, हातांवर पात्यांचे ओरखडे, टोप्यांना कुसळं. ड्रोन सापडला नव्हता. बिबट्याही नाही. काका धापा टाकत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आत बांधच न्हाई. आमी लई हुडकला."

"दोगं सोबत व्हतो," चुलतभाऊ म्हणाले. "कवा त्यांच्यात गेलो, कवा आमच्यात आलो, कायबी कळलं न्हाई."

ते मात्र दोघांनाही फार लागलं. पुढचे काही आठवडे काका बाजाराच्या दिवशी आले की हेच बोलायचे. आत बांध नाही. कोरला म्हणावं तर माती कुठे गेली? ऊसतोड सुरू झाली तेव्हा टोळीला ड्रोन मिळाला. एक पातं कमी होतं. तोडणी झाल्यावर बांधही दिसला, होता तिथे, होता तसा. पण तोपर्यंत त्यावर भांडायचं दोघांच्याही अंगात उरलं नव्हतं. दोन्ही फोटो एकाला एक जोडून त्यांनी मोठे करून घेतले. त्यात विमान नाकापासून शेपटापर्यंत सलग दिसतं. एकेक प्रत एकेका घरात लागली. सिग्नलवाल्यांनी गटावर शेवटचा निकाल दिला, "शेपूट ओळखलं. बाकी विमान स्थानिक बनावटीचं, दोन उताऱ्यांचं." उतारू असं त्यांना म्हणायचं होतं. भाषांतराच्या यंत्रामार्फत त्यांनी ते खास माझ्यासाठी मराठीत लिहिलं होतं.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या नातीचं लग्न झालं. मला मानाने बोलावलं. पंगतीत माझ्या शेजारी काकांची आत्या बसली होती, म्हणजे फेटेवाल्या आज्याची लेक. अंगाने वाळलेली, पण कान आणि डोळे तल्लख. मी सहज विचारलं, "आत्या, त्या जत्रेला तुम्ही होता का हो?"

"व्हते की. ह्येवढी व्हते."

"मग विमानात नाही बसलात?"

"न्हाई बसले. चाकं कुटं व्हती त्याला? खाली इटा लावल्या व्हत्या. मी लई रडले. मग मला चांदावर बसवलं. पुठ्ठ्याचा चांद व्हता."

"आणि तिथून काय दिसलं?"

आत्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "फोटूवाला दिसला. दुसरं काय दिसनार?" मग भाताचा घास घेऊन म्हणाल्या, "इमानात म्होरं कोन बसनार, त्याच्यावरनं दोगं घरी यीस्तवर बैलगाडीत भांडले. घरी आले तवा एक सोप्यात बसला, एक वट्ट्यावर. मंग आयनं इचारलं काय झालं, तर बांधाचं काडलं. इमानाचं कसं सांगतील? दाढीमिशावाली मान्सं."

मी जेवायची थांबले. त्याच वेळी काका जिलेबीची परात घेऊन वाढत वाढत आमच्यापर्यंत आले. चुलतभावाच्या मांडवात ते उपरणं कमरेला बांधून वाढत होते. मी त्यांना विचारलं, आत्या काय सांगतात ते ऐकलंत का?

"म्हातारी झालीया ती," ते मायेने म्हणाले. "पर म्होरं आमचाच आज्या बसला व्हता, येवढं खरं." आणि तीन जिलेब्या माझ्या पानात टाकून पुढच्या पंगतीकडे सरकले.

आत्याने आपली जिलेबी दोन बोटांनी उचलून माझ्या पानाच्या कडेला ठेवली. तोंड उघडून वरची रिकामी हिरडी दाखवली. म्हणाल्या, "मंगळवारी फाट्याला येते. कवळी बसवून दी. आन् त्यो मठ्ठा हिकडं सरकव."